तंतोतंत बसलेलं गास्केट

उद्यमनगरातल्या त्या गल्लीत सोमवारी काहीच ऐकू येत नाही. कारखान्यांना सुट्टी असते. लेथ बंद, वेल्डिंग बंद, कोपऱ्यावरची चहाची टपरीही बंद. आकाराम सुतारांना पूर्वी हा दिवस आवडायचा. संध्याकाळी ते आणि पत्नी विठाबाई रंकाळा तलावावर जाऊन बसत. विठाबाईंना जाऊन आता चार वर्षं झाली होती. मुलगी संयोगिता नाशिकला, तिचा फोन गुरुवारी. बाकीच्या दिवशी निदान शेजारच्या लेथची घरघर सोबतीला असे. सोमवारी तीही नसे. तरीही ते नऊ वाजता शटर अर्धं वर करत आणि आत बाकावर बसून राहत.

आकारामांचं काम पॅटर्न करण्याचं. लोखंडाची कुठलीही ओतीव वस्तू करायची, तर आधी तशीच वस्तू लाकडाची करावी लागते. ती वाळूत दाबून अलगद काढून घेतली, की वाळूत तिच्या आकाराची पोकळी राहते. त्या पोकळीत वितळलेलं लोखंड ओतायचं. आकारामांनी पन्नास वर्षं अशा लाकडी वस्तू केल्या. पंपाच्या, ट्रॅक्टरच्या, ऑइल इंजिनाच्या. पण आता ड्रॉइंग कॉम्प्युटरवर होई आणि लाकूड मशीन कापे. दोन वर्षांत त्यांच्याकडे एकही काम आलं नव्हतं.

जानेवारीतल्या पहिल्या सोमवारी शटरखालून वाकून एक मुलगी आत आली.

"कोण पावणं?" आकारामांनी विचारलं.

"मी क्रांती मगदूम. कागलची. गोकुळ शिरगावला फाउंड्रीच्या लॅबमध्ये हाय. आमच्या मोहसीन फोरमननी पत्ता दिला."

"मोहसीन? अजून हाय व्हय त्यो? दोन वर्सं फोन न्हाय. मला वाटलं, भट्टीत पडला का काय."

ती हसली. "ते म्हणाले, मॅनिफोल्डचं कायबी विचारायचं आसंल तर आण्णांना विचार. मिजास करतील, पर सांगतील."

"मिजास म्हणाला काय? बस. ते स्टूल वढ. त्येचा एक पाय ल्हान हाय, सांभाळून."

क्रांती चोवीस वर्षांची होती. तिने एक जुनी एस्टीम गाडी भंगारच्या भावात घेतली होती आणि सहा महिने खपून तिचं इंजिन पुन्हा बांधलं होतं. फेब्रुवारीच्या दुसऱ्या रविवारी आजऱ्याजवळच्या एका माळावर मातीवरची शर्यत होती. त्यात तिला उतरायचं होतं. इंजिनाची ताकद वाढवायला तिने एका मोडीत निघालेल्या डिझेल गाडीचा टर्बो मिळवला होता. अडलं होतं ते फक्त मॅनिफोल्डवर.

मॅनिफोल्ड म्हणजे काय, हे आकारामांना सांगावं लागणार नव्हतं. इंजिनाच्या चार सिलिंडरांतून जळका वायू बाहेर पडतो, तो चार तोंडांनी गोळा करून एका तोंडाने पुढे देणारा नळ्यांचा पंजा म्हणजे मॅनिफोल्ड. टर्बो त्याच्याच टोकाला बसतो आणि त्या वायूच्या जोरावर फिरतो. म्हणजे या पंजाला दोन कामं. निखाऱ्यासारखं लाल व्हायचं, आणि लाल झालेलं असताना टर्बोचं ओझं पेलायचं. कच्चा असला तर तडकतो.

"ऑनलाइन स्टीलचा हाय नऊ हजाराला," ती मोबाइल पुढे करत म्हणाली. "चमकतोय बगा कसा."

आकारामांनी चष्मा वर करून पाहिलं. "नळी केवढी जाड हाय?"

"दीड मिलिमीटर."

"पोह्याच्या डब्याचा पत्रा हाय की ह्यो. वेल्डिंगच्या कडंला तडकणार. दुसरा?"

"परदेशी. साठ हजार."

"तिसरा?"

"तिसरा न्हाय. म्हणून तर आलोय."

बोलता बोलता तिने घरचंही सांगितलं. तिचे वडील, हंबीरराव, साखर कारखान्यात बॉयलर फिटर होते. वाफेच्या लाइनी जोडायचे. गाडीकडे ते ढुंकून बघत नसत. "आडगळ म्हणत्यात तिला आबा. अंगणात येता-जाता तोंड फिरवत्यात."

आकारामांनी चष्मा खाली घेतला. उत्तर त्यांच्या समोर येऊन उभं होतं. वाफेच्या लाइनीला जाड पोलादी बेंड, म्हणजे वळवलेल्या नळ्या, वापरतात. तसे चार बेंड आणि इंजिनावर बोल्टने आवळायला जाड पट्टीची सपाट फ्लँज घेऊन नीट वेल्डिंग केलं, तर मॅनिफोल्ड दिसायला ओबडधोबड होतो, जडही होतो. पण टिकतो, चार-पाच हजारांत होतो आणि एका सुट्टीच्या दिवसात होतो. कारखान्यातल्या बॉयलर फिटरपेक्षा ते काम चांगलं कोण करणार? हे त्या मुलीला सांगायला एक मिनिट लागलं असतं. मग ती उठून गेली असती.

"वेल्डिंगचं काय खरं न्हाय," आकाराम म्हणाले. "आपण वतून काढूया."

"एका पीससाठी? आण्णा, पॅटर्नचाच खर्च केवढा हुईल!"

"पॅटर्न मी करतो. सागवान पडलंय, वाळवी लागण्यापरास बरं. मोहसीनला म्हणावं, तुझ्या साच्यांच्या रांगेत एक साचा जास्त धर. तुला खर्च फक्त भोकं पाडायचा. पर सोमवारी येत जा. माप घ्यायला दोन माणसं लागत्यात."

माप घ्यायला दोन माणसं लागत नाहीत. पण क्रांतीला ते कुठे ठाऊक होतं?

जाण्यापूर्वी आकारामांनी खणातून दोन पोलादी पट्ट्या काढून तिच्यासमोर ठेवल्या. दोन्ही जुन्या, दोन्हींवर आकडे एकसारखे.

"ह्या दोन पट्ट्या सारख्या हायत का, सांग."

"सारख्याच दिसत्यात की."

"दिसत्यात. शून्याला शून्य लाव आणि दुसऱ्या टोकाला बग."

तिने पट्ट्या शेजारी शेजारी धरल्या. सुरुवातीच्या रेघा जुळत होत्या. पुढे त्या हळूहळू एकमेकींपासून सरकत गेल्या. तीनशेच्या रेघेपाशी तीन मिलिमीटरचा फरक होता.

"ही एक चुकीची हाय!" क्रांती म्हणाली.

"चुकीची न्हाय. ती पॅटर्नवाल्याची पट्टी हाय. लोखंड निवताना आटतंय. शंभराला एक. म्हणून लाकडी वस्तू तेवढी मोठी करावी लागती. दर वेळी कोण हिशेब करत बसणार? त्यापरास पट्टीच मोठी केली. ड्रॉइंगवर तीनशे हाय, ह्या पट्टीनं तीनशे घे, आपोआप तीनशे तीन हुतंय. लोखंड निवलं की बरोबर तीनशे."

क्रांती बराच वेळ त्या पट्ट्या उलटसुलट करत राहिली. "लॅबमध्ये तीन वर्सं हाय मी. हे कुणी दावलं न्हाय."

आकारामांना फार दिवसांनी बरं वाटलं. त्यांनी दोन्हींतली साधी पट्टी उचलून तिच्या हातात दिली. पट्टीच्या टोकाला त्यांनी तरुणपणी छिन्नीने 'आ.सु.' कोरलं होतं.

"ही ठेव तुला. सरळ हाय. काठ अजून वाकला न्हाय."

"आणि तुम्हाला?"

"मला कशाला? माझ्याकडं कोण येतंय माप घ्यायला?"

दुसऱ्या सोमवारी ती, मॅनिफोल्ड ज्यावर बसतो ते इंजिनाचं हेड पोत्यात गुंडाळून मोपेडवरून घेऊन आली. आकारामांनी त्याची तोंडं पुसली आणि बाकावर पडलेली पट्टी उचलून मापं घेतली. ते आकडे सांगत होते, ती वहीत लिहीत होती. पहिल्या तोंडापासून चौथ्यापर्यंत, बोल्टापासून बोल्टापर्यंत. मध्येच त्यांनी तिला सागवानाचे रेषे कसे वाचायचे ते दाखवलं. मग तिने डब्यातली शेंगदाण्याची पोळी काढली. आकारामांनी दोन खाल्ल्या.

"आण्णा, मोहसीनभाई विचारत होते, आजून मिजास करत्यात का?"

"तू काय सांगितलंस?"

"म्हटलं, लईच."

त्या आठवड्यात मंगळवार ते रविवार त्यांनी पॅटर्नला हात लावला नाही. मनात आणलं असतं तर आठ दिवसांत ते पुरं झालं असतं. ते रोज बाक झाडत, पटाशीला धार लावत, लाकडाचे तुकडे नीट मांडून ठेवत. शेजारच्या लेथवाल्याने विचारलं, "आण्णा, काम आलंय जणू?" तेव्हा ते म्हणाले, "व्हय, अर्जंट हाय." आणि पटाशी पुन्हा दगडावर घासायला बसले.

तिसऱ्या सोमवारी नळ्यांचा बाहेरचा आकार झाला. आतली पोकळी राहावी म्हणून वाळूचा गाभा लागतो. त्याची लाकडी पेटीही त्याच दिवशी अर्धी झाली. क्रांती आता न सांगता पॉलिश पेपर घासू लागली होती. चौथ्या सोमवारी सगळं जुळून आलं. चार नळ्या वळून एका तोंडात शिरत होत्या, आणि त्या वळणांवर कुठेही कोपरा नव्हता. तिने पॅटर्न दोन्ही हातांत उचलून खिडकीच्या उजेडात धरलं.

"हे लोखंडाचं करायचं म्हणजे जिवावर आलंय," ती म्हणाली. "असंच गाडीला लावू काय?"

"लाव की. पयल्या वळणावर होळी."

मोहसीनने बुधवारची वेळ दिली होती. पॉलिशचा शेवटचा हात मंगळवारी सुकणार होता. जाताना क्रांती बाकावर एक पातळ पाकीट ठेवून गेली. त्यात वायू गळू नये म्हणून हेड आणि मॅनिफोल्डच्या मधे बसणारं नवं गास्केट होतं. "उद्या कामावरनं सुटल्यावर पॅटर्न न्यायला येतो, तवा नेतो," ती म्हणाली.

मंगळवारी दुपारी पॉलिश सुकलं. शेजारी लेथ चालू होता. आकारामांनी सहज, हौसेने, पाकिटातून गास्केट काढलं आणि पॅटर्नच्या फ्लँजवर ठेवलं.

ते तंतोतंत बसलं. तोंडावर तोंड, भोकावर भोक. कुठे केसाचाही फरक नाही.

दुसरं कुणी असतं तर टाळी वाजवली असती. आकारामही क्षणभर हसले. मग त्यांचा हात तिथेच थांबला.

ते जुळायला नको होतं. पॅटर्न गास्केटपेक्षा मोठं हवं होतं. दोन्ही टोकांना दीड-दीड मिलिमीटर लाकूड गास्केटच्या बाहेर डोकावायला हवं होतं, म्हणजे लोखंड आटून गास्केटाएवढं झालं असतं. हे आताच एवढं होतं. म्हणजे ओतल्यावर लहान होणार.

त्यांनी खण उघडला. मग दुसरा. आत शोधण्यासारखं काही नव्हतं, हे त्यांना माहीत होतं. साधी पट्टी कागलला होती. इथे उरली होती ती एकच, मोठी. इंजिनाचं माप त्यांनी त्याच पट्टीने घेतलं होतं, आणि पॅटर्नही त्याच पट्टीने आखलं होतं. मोठ्या पट्टीने मोजलं की आकडा लहान येतो; मोजतानाही मोठी आणि करतानाही मोठी, म्हणजे वाढवलेलं सगळं परत वजा. पन्नास वर्षांत ही चूक त्यांनी शिकाऊ कामगारांची पकडली होती. दोघांना तर त्यासाठी दिवसभर पट्ट्या पुसायला बसवलं होतं.

ते स्टुलावर बसले. स्टूल त्याच्या लहान पायावर कलंडलं.

तीन मिलिमीटर. खरं तर एवढं चालूनही गेलं असतं. बोल्टची भोकं थोडी लांबट करायची, तोंडं कानशीने घासायची, मॅनिफोल्ड बसला असता. कदाचित टिकलाही असता. कदाचित माळावर दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत कडेच्या तोंडातून वायू फुसफुसला असता, आणि तापून, ओढला जाऊन कोपऱ्यात तडा गेला असता. मग ती पुन्हा आली असती. आण्णा, तडकला, म्हणाली असती. मग दुसरं पॅटर्न. पुन्हा चार सोमवार.

हा विचार पुरा झाल्यावर तो आपल्या मनात किती सहज आला हे आकारामांच्या लक्षात आलं, आणि ते उठून उभे राहिले. शटरपाशी गेले, पुन्हा आत आले. शर्यतीला बारा दिवस उरले होते. दिवसरात्र एक केली तरी नवं पॅटर्न, साचा, ओतणं, मशीनवरचं काम या बारा दिवसांत बसत नव्हतं. चार आठवडे होते तेव्हा त्यांनी ते बाक झाडण्यात घालवले होते.

साडेपाचला क्रांती आली. आधी तिला पॅटर्न दिसलं, मग त्यावरचं गास्केट.

"आण्णा! कसलं बसलंय!"

"बसलंय, हीच चूक हाय. इचार कर, का?"

तिने गास्केटकडे पाहिलं, मग बाकावरच्या पट्टीकडे. तिचे ओठ हलले. ती मनात आकडे मांडत होती. आकारामांनी तिला वेळ दिला. ते कधीच कुणाला घाईने उत्तर सांगत नसत.

"हेड ह्याच पट्टीनं मोजलं," ती सावकाश म्हणाली.

"व्हय."

"म्हणजे आटून ल्हान हुणार."

"व्हय. चूक माझी. तुझी न्हाय."

ती त्या लहान पायाच्या स्टुलावर बसली. "मग आता? शर्यत गेली."

"गेली न्हाय. ऐक. तुझा आबा वाफेची लाइन जोडतोय. दीड इंची जाड बेंड, चार. बारा मिलिमीटरची पट्टी फ्लँजला. फ्लँज आधी हेडवर बोल्टानं आवळायची आणि मग वेल्ड मारायचं, म्हणजे वाकणार न्हाय. थंड झाल्याबिगर सोडायची न्हाय. दिसंल भोपळ्याच्या येलासारखं, पर तडकणार न्हाय. एका सुट्टीत हुतंय."

"आबा न्हाय करायचे. आडगळ म्हणत्यात."

"इचारलंस कधी?"

तिने स्टूल लहान पायावर सावरलं. मग म्हणाली, "न्हाय."

"मग जा, इचार."

क्रांतीने मान वर केली. "आण्णा, वेल्डिंगचं खरं न्हाय म्हणाला होतासा की पयल्या दिवशी."

आकारामांनी गास्केट पॅटर्नवरून उचललं आणि पाकिटात सरकवलं. शेजारचा लेथ थांबला होता, त्यामुळे कागदाचा आवाजही मोठा वाटला.

"म्हणालो होतो," ते म्हणाले. "ते बरोबर न्हवतं. तुझा बाप बॉयलरवर हाय म्हणालीस, तवाच मला ठाव होतं. त्याच दिवशी सांगायला पायजे होतं."

"मग का सांगितलं न्हाय?"

क्रांतीने बाकाकडे पाहिलं. धार लावलेल्या पटाश्या लहान-मोठ्या क्रमाने मांडलेल्या होत्या. कोपऱ्यातला दुसरा कप, जो पहिल्या सोमवारी धुळीने भरलेला होता, तो धुऊन पालथा घातलेला होता. तिने पुन्हा विचारलं नाही.

"निघ," आकाराम म्हणाले. "हायवेला उसाचे ट्रॅक्टर लागतील. मोहसीनला सांग, उद्या साचा धरू नको."

ती शटरपर्यंत गेली. पाकीट बाकावरच राहिलं होतं. आकारामांना ते दिसत होतं. ते तसंच राहिलं असतं, तर ते न्यायला तिला परत यावं लागलं असतं.

"क्रांती, गास्केट," त्यांनी हाक मारली. "इसरू नको. ते लागंल."

पुढच्या सोमवारी ती येणार नाही, हे आकारामांना ठाऊक होतं. तरी त्यांनी नऊला शटर अर्धं वर केलं. गल्ली बंद होती. पॅटर्न त्यांनी भिंतीवरच्या खिळ्याला टांगलं होतं. तिथल्या इतर पॅटर्नांसारखी त्याच्यावर अजून धूळ नव्हती. दुपारी दीड-दोनला मोबाइल वाजला. संयोगिताचा असेल, असं त्यांना वाटलं. पण तिचा वार गुरुवार.

"आण्णा, झालं वेल्डिंग!" क्रांती ओरडूनच बोलत होती. मागे हातोडीचा ठणका ऐकू येत होता. "आबांनी केलं. रात्रपाळी करून आले आणि सकाळीच बसले. फ्लँज आता सोडलीया. सपाट हाय का वाकली, कसं बगू? आबा म्हणत्यात डोळ्यानं दिसतंय, मला पटत न्हाय."

"पट्टी हाय न्हवं तुझ्याकडं?"

"हाय की. हातातच हाय."

"काठावर उभी धर. फ्लँजवर आडवी, मग तिरकी. पलीकडं उजेड ठेव आणि खालनं बग. उजेड दिसतोय का?"

फोन कुठेतरी ठेवल्याचा आवाज झाला. आकाराम थांबून राहिले. दुरून तिचा आवाज आला, "आबा, सरका, उजेड आडवू नका." मग एक जाड आवाज, "सांगितलं न्हवं, सपाट हाय म्हणून! तीस वर्सं हेच करतोय." आणि पुन्हा ती, "कडंला जराशी रेघ दिसतीया, आबा. बगा, हितं." जरा वेळाने तोच जाड आवाज, आता हळू, "व्हय की. कुणी शिकिवलं तुला हे?"

तिने काय उत्तर दिलं ते हातोडीच्या आवाजात ऐकू आलं नाही.

"आण्णा, जरासा उजेड दिसतोय, एका टोकाला," ती फोनवर आली. "कागदाएवढा."

"तेवढा कानशीनं जाईल. आडवी कानस चालव, दाबू नको."

"बरं. आण्णा, लई उपकार झालं. ठेवतो."

पण तिने फोन ठेवला नाही. घाईत तो तसाच चालू राहून कशावर तरी पडला असावा. आकारामांनी कानाजवळून काढून पडद्याकडे पाहिलं. सेकंद पुढे सरकत होते. त्यांनी तो पुन्हा कानाला लावला. कानशीचा आवाज येत होता, लांब आणि सावकाश, न दाबता. कुणीतरी पाना मागितला. हंबीरराव कशावर तरी हसले. एक बाई जेवायला हाक मारत होती, आणि कुणीच तिला उत्तर देत नव्हतं.

आकारामांनी बाकावरची मोठी पट्टी उचलून मांडीवर घेतली. गल्लीत कुठेच काही वाजत नव्हतं. फोन कानाला धरून ते स्टुलावर बसून राहिले; कागलच्या त्या अंगणात कुणाच्या तरी लक्षात येऊन तो बंद होईपर्यंत.